मूठ आपली, हिशेबही आपलाच

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ देत आलो आहोत. पोराबाळांनाही ती पाठ आहे. पण घोषणा पाठ असणे वेगळे आणि गावच्या पारावर मदतीचा टेम्पो येऊन उभा राहिला म्हणजे तिचा अर्थ लावणे वेगळे. अलीकडे बैठकांत कार्यकर्ते एकच प्रश्न विचारतात. शहरातला एक क्लब गावात कार्यक्रम घेतो म्हणतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना शिवणयंत्रे देणार, शाळेला वह्या देणार, डोळे तपासणार, रक्तदान शिबिर भरवणार. कुण्या कंपनीचे फाउंडेशन श्रमदानाला टिकाव-फावडी पुरवते म्हणते. घ्यायचे की नाही? घेतले तर लाचारी म्हणतात, नाकारले तर माज म्हणतात.

या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच आपल्या मुलखात देऊन ठेवलेले आहे. ते आठवावे आणि त्यावर आपल्या बैठकांनी काही ठरवावे, एवढ्यासाठी हे लिहिणे.

दुधगावची मूठ

आष्टा म्हटले की कपाशी-ज्वारीवाला कोरडवाहू शेतकरी म्हणेल, ती कृष्णाकाठची मंडळी, ऊस आणि हळद पिकवणारी. त्यांच्याकडून आम्ही काय शिकायचे? शंका रास्त आहे. पण ज्या काळची ही गोष्ट आहे त्या काळी इथे साखर कारखाने नव्हते, उपसा योजना नव्हत्या. नदी उशाला होती आणि रान पावसाच्या भरवशावर होते. ज्वारी पिकली तर भाकरी, नाही तर कर्ज.

आष्ट्याच्या जवळच वारणेच्या काठी दुधगाव आहे. १९१० च्या सुमारास भाऊराव पाटील यांनी गावातल्या मंडळींना हाताशी धरून तिथे एक वसतिगृह उभे केले. भाऊरावांचे घराणे याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. वसतिगृह सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी होते. मुले एका पंगतीला बसणार, हे त्या काळात सोपे नव्हते. आणि त्याहून अवघड प्रश्न होता तो या मुलांनी खायचे काय हा.

भाऊरावांनी त्यासाठी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातले मूठभर बाजूला ठेवायचे आणि साठले की ते वसतिगृहाला जायचे. बस, एवढेच. पावती नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत.

आता हिशेब करून पाहा. मूठ म्हणजे छटाकभर धरली आणि गावातली दोनशे घरे धरली, तर दिवसाला साडेबारा शेर होतात. आठवड्याला दोन मणांवर धान्य जमते. कुणाच्याही घरातली भाकर कमी झाली नाही आणि पोरांचे पोट भरले. हीच रीत घेऊन भाऊराव पुढे गेले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तिथे धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. त्या संस्थेच्या शाळांत आज महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची लाखो मुले शिकून गेली आहेत.

मूठ देणारी बाई श्रीमंत नव्हती. पण वसतिगृहापुढून जाताना ती म्हणू शकत होती, 'यात माझे धान्य आहे.' आणि जिचे धान्य तिला विचारण्याचा हक्क आहे. पोरे नीट शिकतात का, पंगत एकच बसते का, धान्य कुणी घरी तर नेत नाही ना. देणारा आणि घेणारा एकाच गावातला असला, रोज एकमेकांच्या दारावरून जाणारा असला, म्हणजे हिशेब आपोआप चोख राहतो. आजच्या बहुतेक सेवाकार्यांत नेमकी हीच गोष्ट गळून पडली आहे.

क्लबांचे श्रेय आणि क्लबांची सवय

क्लबांना सरसकट नावे ठेवणे सोपे आहे. तो अन्याय होईल. रोटरी १९०५ साली आणि लायन्स १९१७ साली, दोन्ही अमेरिकेतल्या शिकागो शहरात निघाल्या. व्यापारी, डॉक्टर, वकील अशा मंडळींचे हे क्लब. आपल्याकडे सांगली, मिरज, कराड अशा गावांतून ते वर्षानुवर्षे आहेत. १९२५ साली हेलन केलर या अंध आणि बहिऱ्या बाईंनी लायन्सच्या अधिवेशनात जाऊन त्यांना अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम त्यांनी आपले मानले. खेड्यापाड्यांत मोतीबिंदूच्या शिबिरांतून ज्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा सुईत दोरा ओवता येऊ लागला, ती माणसे आपल्याच घरातली आहेत.

पोलिओचे उदाहरण तर आणखी मोठे. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवण्याचा संकल्प सोडला. लस सरकारी यंत्रणेने पाजली. आरोग्यसेविका आणि अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. पण पैसा, प्रचार आणि बूथवर उभे राहणारे हात यांत क्लबांचा वाटा मोठा होता. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. संकल्प सोडल्यापासून शेवटच्या रुग्णापर्यंत पंचवीस वर्षांवर काळ गेला.

हे काम का जमले ते नीट पाहिले पाहिजे. एकच उद्दिष्ट होते. एकेका मुलाची मोजणी होती. कुठले घर झाले, कुठले राहिले याची खूण दारावर खडूने केली जात होती. आणि काम पुरे होईपर्यंत कुणी अंग काढून घेतले नाही.

याच्या उलट आपल्या गावात जे बहुतेक वेळा होते ते कसे असते? बॅनर आधी येतो. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतात. तोवर सात-आठ बाया, ज्यांचे कुंकू पुसले गेले आहे, व्यासपीठावर ओळीने बसवून ठेवलेल्या असतात. एकेकीचे नाव पुकारतात, यंत्र देतात, फोटो काढतात. देणारा कॅमेऱ्याकडे पाहतो आणि घेणारी जमिनीकडे. गावात आधीच तीन शिंपी रिकामे बसले आहेत, पोरेसोरे बाजारातून तयार कपडे आणतात, मग या यंत्रावर शिवायचे काय, हे कुणी विचारलेले नसते. त्या बाईला त्या दिवशी हवा असतो सातबाऱ्यावर वारसाची नोंद घालून देणारा माणूस. सावकाराचा कागद वाचून दाखवणारा माणूस. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार.

याचा दोष क्लबातल्या माणसांच्या मनाला देऊ नये. त्यांची कार्यकारिणी वर्षावर्षाला बदलते आणि प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षात काही करून दाखवायचे असते. वर्षभरात जे फोटोत मावते तेच मग होते. पण ती त्यांची अडचण आहे. आपण ती आपल्या माणसांच्या अब्रूवर का निभावून न्यावी?

आधी घेतले किती, मग दिले किती

सेवेची गोष्ट निघाली म्हणजे भावाची गोष्ट मागे पडते, म्हणून हाही हिशेब मांडू. पाच एकर कोरडवाहू कपाशी धरून चला. एकरी चार क्विंटल पिकली तर वीस क्विंटल कापूस. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. बाजारात त्याहून क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले तर त्या एका घराचे दहा हजार गेले. गावात असे दोनशे शेतकरी असले तर एका हंगामात वीस लाख रुपये गाव सोडून गेले. त्याच २०२५ साली ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आपली वेचणी तोंडावर आली तेव्हापासून ती भरात येईपर्यंत, सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करून टाकले होते. त्याने गिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला. ती स्वस्ताई कुणाच्या ताटातून गेली हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वीस लाख एका दरवाज्याने जातात आणि दुसऱ्या दरवाज्याने आठ शिवणयंत्रे येतात. यंत्रे येऊ नयेत असे नाही. पण जो ती घेतो त्याने वीस लाखांची गोष्ट विसरावी, असा अलिखित करार त्या कार्यक्रमात होता कामा नये. ज्या व्यासपीठावर कापसाच्या भावाबद्दल बोलायला मनाई आहे त्या व्यासपीठावर आपल्या बहिणीला बसवू नये.

आणखी एक. कंपन्यांच्या फाउंडेशनांचे पैसे हे दान आहे अशी समजूत खेड्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. बी-बियाणे, खते, औषधे विकणाऱ्या मोठ्या कंपन्याही त्यात आल्या. तो नफा आपल्याच खिशातून गेलेला असतो. तेव्हा मान खाली घालून घेण्याचे काही कारण नाही. मान वर करून, आपल्याला काय हवे ते सांगून घ्यावे.

घाम सगळ्यांचा, पाणी कुणाचे?

इथवर दुसऱ्यांबद्दल बोललो. आता आपल्या घरात डोकावू.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली. अमरावतीतला वरुड, बीडमधला अंबाजोगाई आणि साताऱ्यातला कोरेगाव. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. पुढच्या वर्षी तीस तालुके झाले, २०१८ साली पंच्याहत्तर आणि २०१९ साली शहात्तर. उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावेच्या गावे पहाटे टिकाव घेऊन माळावर गेली. पुण्या-मुंबईची माणसे बसने येऊन पाट्या उचलू लागली. पिढ्यान्पिढ्यांची भांडणे विसरून भाऊबंद एका चरात उतरले. हे लहान काम नव्हे. गाव करील ते राव काय करील, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पण त्या माळावर चर खोदायला ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असा मजूरही आला होता. त्याने रोजगार बुडवून माती उपसली. पाऊस पडला, पाणी मुरले आणि वर आले ते ज्याची विहीर त्याच्या विहिरीत. ज्याच्याकडे पैसा होता त्याने त्याच वर्षी खोल बोअर मारली. दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी पुन्हा तळाला गेले. श्रमदान सगळ्या गावाचे आणि फळ चार घरांचे, असे झाले तर पुढच्या खेपेला माळावर कोण येईल? शहरातल्या क्लबाने आपल्याशी जे करू नये असे आपण म्हणतो तेच आपण आपल्या मजूरभावाशी करतो आहोत का, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा.

याचेही उत्तर दिलेले आहे आणि तेही सांगली जिल्ह्यातच. येरळा ही खटाव-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून येणारी नदी. पाऊस संपला की तिच्यात पाण्याऐवजी वाळू असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कामगार गावी परतले. भारत पाटणकर आणि इतर कार्यकर्त्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत ते सामील झाले. दुष्काळी कामावर नुसती खडी फोडून काय होणार, दुष्काळच हटवला पाहिजे, असे लोक म्हणू लागले. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी सांगितले, वाळू आमच्या नदीची आहे. तिच्यातली थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी झगडून त्यांनी तो हक्क मिळवला. जाणकार अभियंत्यांनी आराखडा करून दिला, विद्यार्थी श्रमदानाला आले, गावाने घाम गाळला. १९८० च्या दशकात असे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

आणि पाणी वाटताना त्यांनी ठरवले की प्रत्येक कुटुंबाला सारखा हक्क. जमीन असो नसो, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात दहा जणांची ज्वारी बुडते.

असेच त्याआधी पुरंदर तालुक्यात झाले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या मापाने द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः घालायचा. फुकट काही नाही. हिवरे बाजारने श्रमदान केले तेव्हाच शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, असे नियम घातले आणि दरसाल ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. म्हणून तिथले पाणी टिकले. चर सगळ्यांनीच खोदले. जिथे वाटपाचा नियम चराच्या आधी झाला तिथे श्रमदानाचे सार्थक झाले.

पूर आला तेव्हा

हीच येरळा पुढे पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या ब्रह्मनाळमध्ये ८ तारखेला गावची बोट उलटली आणि पाण्यातून बाहेर पडू पाहणारी माणसे बुडाली. बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसे बसली होती. वाचवणारे गावचेच होते, जिवावर उदार झाले होते. पण नुसत्या उदारपणाने बोट चालत नाही. सेवेला साधन लागते, सराव लागतो, आणि बोटीत किती माणसे घ्यायची हे आधी ठरवलेले असावे लागते.

त्या पुरात विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनीही कृष्णाकाठाला धान्य पाठवले, कडबा पाठवला. ज्यांच्या डोळ्यांत पावसाच्या वाटेकडे पाहून पाणी येते त्यांनी पुरात बुडालेल्याला मदत केली, हे आम्ही या काठावरचे लोक विसरणार नाही. पण घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहिल्यावर आणखीही काही दिसते. रस्त्यावरच्या गावाला दहा टेम्पो आणि आडवळणाच्या वस्तीला एकही नाही. अंगावर घालता न येणाऱ्या जुन्या कपड्यांचे ढीग आणि जनावरांना मात्र वैरणीची पेंढी नाही.

किल्लारीच्या भागातल्या लोकांना हे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे देशभरातून मदत आली. माणसे धावली, राबली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण किती ठिकाणी घरे शहरी वसाहतीसारखी ओळीत बांधली. गोठा कुठे, कडब्याची गंज कुठे लावायची, रान किती लांब पडते, हे शेतकऱ्याला न विचारता. देणाऱ्याने मन मोठे केले पण कान उघडे ठेवले नाहीत.

देणाऱ्या बाजूने काय करावे याचाही नमुना याच वाळव्यात आहे. नागनाथअण्णा नायकवडी हे वाळव्याचे, म्हणजे भर पाण्यातल्या मुलखाचे. आपल्या गावी पाणी आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९९३ पासून आटपाडीला दरसाल पाणी परिषद भरू लागली. तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. अण्णा, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख अशी मंडळी त्यात होती. पाणीवाल्या मुलखाचा माणूस दुष्काळी मुलखाला टँकर वाटायला गेला नाही. कृष्णेच्या पाण्यात त्याचा हक्काचा वाटा मागायला त्याच्या शेजारी उभा राहिला. सेवा म्हणतात ती याला.

पाच प्रश्न

तेव्हा घ्यायचे की नाही, याचे उत्तर क्लबाच्या नावावर ठरवू नये. पुढच्या पाच प्रश्नांवर ठरवावे. हेच प्रश्न आपण आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांनाही लावावेत.

पहिला प्रश्न, गरज कुणी ठरवली? येणाऱ्याने आणलेली यादी ग्रामसभेत वाचावी आणि गावाने आपली यादी त्यांच्या हातात द्यावी. वह्यांऐवजी वारसनोंदीसाठी वकील हवा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. क्लबात वकील असतात, डॉक्टर असतात, हिशेबनीस असतात. त्यांच्या पैशापेक्षा त्यांचे दोन दिवस आपल्याला जास्त उपयोगी आहेत.

दुसरा, हिशेब कुठे वाचला जाणार? गावाच्या नावाने जमलेला पैसा गावात मोठ्याने वाचला गेला पाहिजे. कार्यालयाबाहेर फळ्यावर लिहिला पाहिजे. आपण वर्गणी काढली तर आपणही पावतीपुस्तक ठेवावे. तात्पुरत्या वर्गणीलाही धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळे ४१ क ची परवानगी घेतात तीच ही. ती घ्यावी म्हणजे उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

तिसरा, फोटो कुणाचा? विहिरीचा काढा, बंधाऱ्याचा काढा, शाळेचा काढा. ज्या घरात मरण झाले त्या घरातल्या बाईचा, पोरांचा फोटो नाही, व्यासपीठावर नाव पुकारणे नाही. मदत तिच्या घरी, तिच्या सोयीने, गावातल्या दोन बायांनी नेऊन द्यावी.

चौथा, किती वर्षे येणार? एक दिवसाचा कार्यक्रम असेल तर एक दिवसाचे काम मागावे: रक्तदान, डोळे तपासणी. मुलांचे शिक्षण, विधवेची शेती, पाणी यांना हात घालायचा असेल तर निदान तीन वर्षांचा शब्द द्यावा. मोतीबिंदूचे शिबिर घेणाऱ्यालाही विचारावे की शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला तर म्हातारीला परत कोण नेणार.

पाचवा आणि सगळ्यात अवघड, फळात वाटा कुणाचा? श्रमदानाआधी पाणीवाटपाचा ठराव. जो रोजगार बुडवून येतो त्या मजुराला एक तर रोज द्यावा, नाही तर पाण्यात, चाऱ्यात हक्क द्यावा. पाचवे उत्तर ज्या गावाला देता येत नाही त्या गावाने पहिले चार प्रश्न दुसऱ्याला विचारू नयेत.

आपली मूठ

आणि शेवटी, दुसऱ्याच्या मदतीची वाट पाहत बसण्यापेक्षा आपली मूठ आपण उघडावी. कपाशीच्या मुलखात पहिल्या वेचणीला सीतादही करतात, रानाला नैवेद्य दाखवतात. ज्वारीच्या मुलखात वेळ अमावास्येला वाटसरूलाही रानात बोलावून जेवू घालतात. खळ्यावर आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नव्हता. देणे आपल्या हाडात आहे. फक्त ते देणे विस्कळीत झाले आहे. वर्गणी देऊळ, मंडप आणि वाजंत्र्याकडे वाहते आहे.

प्रत्येक गावशाखेने कपाशीच्या वेचणीला आणि ज्वारीच्या खळ्याला मूठनिधी सुरू करावा. ज्याला किलो जमेल त्याने किलो, ज्याला मूठ जमेल त्याने मूठ. आकडा सक्तीचा नको. पण घर एकही सुटू नये, भूमिहीनाचेही नाही, कारण ज्याची मूठ त्याचा आवाज. त्या निधीतून आधी एकच काम करावे. ज्या घरातला कर्ता गेला त्या घराची पुढच्या हंगामाची पेरणी. बियाणे, नांगरट, कोळपणी. सावकाराच्या दारात तिला जावे लागू नये, एवढेच. हे नीट जमले की दुसरे काम हाती घ्यावे.

निधीची वही बायांकडे असावी. त्यांना हिशेब जमेल का, असे कुणी विचारील. माण तालुक्यात म्हसवडला बायांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा अर्ज नाकारला, कारण कितीतरी बायांचे अंगठे होते. त्या शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार असल्याचे साहेबांना सांगून आल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. माणदेशासारख्या पाऊस न पडणाऱ्या मुलखातली ही गोष्ट आहे.

मूठनिधीने कापसाचा भाव वाढणार नाही. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती रस्त्यावरच होईल. पण ज्या गावाला आपले चार दाणे एकत्र करून, चोख हिशेब ठेवून, सगळ्यात दुबळ्या घराची पेरणी करता येते, त्या गावातून आंदोलनाला निघालेल्या माणसाच्या घरची चूल मागे बंद पडत नाही. महिनाभर तो रस्त्यावर बसू शकतो. दुधगावच्या मुठीतून शाळा निघाल्या. आपल्या मुठीतून एवढे तरी निघावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या वर्षी गावात बाहेरची कोणती मदत आली आणि तिचा हिशेब कुठे वाचला. गावात किती घरांची पेरणी या हंगामात अडलेली आहे. आणि मूठनिधीची वही सांभाळायला कोणत्या दोन बाया तयार आहेत. भाषणे त्यानंतर करू.